कुत्र्यांचं अ‍ॅडव्हान्स ओबीडियन्स ट्रेनिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेसिक कोर्स संपला की बहुतेक घरांत एकच तक्रार सुरू होते. हॉलमध्ये ‘सिट’ म्हटलं की कुत्रा लगेच बसतो, पण पार्किंगमध्ये मांजर दिसलं की हाका मारून घसा बसतो. तिथून पुढचं शिक्षण कशाचं असतं, त्याला किती वेळ लागतो आणि त्याच्या नावाखाली काय खपवून घेऊ नये, याबद्दल कुत्रा पाळणारे जे विचारत असतात त्याची ही उत्तरं.

अ‍ॅडव्हान्स ट्रेनिंग म्हणजे जास्त कमांड्स का?

नाही, आणि सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. सिट, डाउन (पोटावर आडवं होणं), स्टे, कम, हील (मालकाच्या शेजारी चिकटून चालणं) आणि लीव्ह इट (समोरची वस्तू सोडून देणं) एवढ्या सहा गोष्टींवर कुत्र्याचं सगळं आयुष्य सुरळीत चालतं. त्या कुठे, किती लांबून, किती वेळ आणि कशाच्या समोर पाळल्या जातात, यावर बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स ठरतं. एकदाच सांगितलेलं ऐकणं, पट्टा नसताना ऐकणं, तुमच्या हातात खाऊ नसताना ऐकणं, अनोळखी जागी ऐकणं आणि तुम्ही वीस पावलं लांब उभे असताना ऐकणं, हे सगळं जमलं की कुत्रा पुढच्या इयत्तेत गेला असं खुशाल समजा.

शेकहँड, गोल फिरणं, बंदुकीचा आवाज काढला की आडवं पडणं या ट्रिक्स आहेत. त्या जरूर शिकवा, कुत्र्याला मजा येते आणि मुलांनाही. पण त्यांची संख्या वाढली म्हणून भरवसा वाढत नाही. अमेरिकेतल्या चेसर नावाच्या बॉर्डर कोलीला हजाराहून जास्त खेळण्यांची नावं ओळखता येत होती, त्यावरचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. कुत्र्याची समज किती खोल असू शकते ते त्यातून कळतं. तुमच्या कुत्र्यानं मात्र दहा शब्दच शिकले आणि ते भर बाजारात पाळले, तर रोजच्या जगण्यात त्याचा उपयोग जास्त आहे.

याचे काही ठरलेले निकष आहेत का?

आहेत, आणि स्पर्धेत उतरायचं नसलं तरी ते पाहून ठेवावेत, म्हणजे कुठवर जाता येतं याचा अंदाज येतो. अमेरिकेत हेलन व्हाइटहाउस वॉकर यांनी १९३३ साली न्यूयॉर्क राज्यात पहिली ओबीडियन्स चाचणी भरवली. १९३६ मध्ये अमेरिकन केनेल क्लबनं नियम केले. त्यांच्याकडे नॉव्हिस, ओपन आणि युटिलिटी असे तीन मुख्य टप्पे आहेत. प्रत्येक चाचणी २०० गुणांची, पास व्हायला १७० लागतात आणि शिवाय प्रत्येक प्रकारात निम्म्याहून जास्त गुण हवेत. असं तीनदा जमलं की त्या टप्प्याचा किताब मिळतो.

नॉव्हिसमध्ये पट्ट्यासह आणि पट्ट्याविना हील, बोलावल्यावर येणं, परक्या माणसानं हात लावला तरी स्थिर उभं राहणं एवढं असतं. खरी उडी ओपनमध्ये आहे. कुत्रा धावत येत असताना मध्येच त्याला डाउन करायला लावतात, डंबेल आणायला लावतात, तेही अडथळ्यावरून उडी मारून. युटिलिटीत हँडलर, म्हणजे कुत्र्याला चालवणारा माणूस, एक शब्दही न बोलता फक्त हाताच्या खुणांनी कुत्र्याला उभं करतो, झोपवतो, बसवतो, बोलावतो. एकसारख्या दिसणाऱ्या वस्तूंच्या ढिगातून मालकाच्या हाताचा वास लागलेली नेमकी वस्तू उचलायची, ही परीक्षाही तिथलीच.

जर्मन परंपरेतली आयजीपी ही चाचणी वेगळी आहे. तिच्यात माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण असे तीन भाग असतात, प्रत्येकी १०० गुणांचे. त्याआधी बीएच नावाची चाचणी पास व्हावी लागते. मला ही बीएच फार आवडते, कारण तिचा अर्धा भाग मैदानात आणि अर्धा रस्त्यावर होतो. सायकलवाले, धावणारी माणसं आणि गर्दी यांच्यामधून कुत्रा शांतपणे जातो का, बांधून ठेवून मालक दिसेनासा झाला तर आरडाओरडा करतो का, हे त्यात पाहतात. शहरात राहणाऱ्या कुत्र्याची खरी कसोटी तीच.

बेसिक पक्कं झालंय हे कसं ओळखायचं?

कुत्र्याकडे पाठ करा, दोन्ही हात खिशात घाला आणि साध्या आवाजात ‘सिट’ म्हणा. निम्मी कुत्री गोंधळून उभी राहतात. त्यांनी शब्द शिकलेलाच नसतो. हात वर जाणं, मान किंचित पुढे झुकणं, खाऊच्या पिशवीकडे वळणं हे त्यांनी शिकलेलं असतं. पुढे लांबून सांगायचं असेल तर शब्द आणि खूण या दोन्ही गोष्टी सुट्या सुट्या पक्क्या व्हायला हव्यात. तीन वेगवेगळ्या जागी दहापैकी आठ वेळा पहिल्याच सांगण्यात काम झालं, तर पुढे जा.

घरात सगळं ऐकतो, खाली नेलं की ओळखही दाखवत नाही. हट्टी आहे का?

हट्टी नाही. कुत्र्याच्या दृष्टीनं हॉलमधल्या सोफ्यासमोरचं बसणं ही एक गोष्ट आणि पार्किंगमधलं बसणं ही दुसरी. ती त्याला पुन्हा शिकवावी लागते, फक्त दर वेळी थोड्या कमी मेहनतीत. म्हणून जागा पायरीपायरीनं बदला: हॉल, मग गॅलरी, मग जिन्याचं लँडिंग, दुपारी दोनचं रिकामं पार्किंग, संध्याकाळी मुलं खेळत असतानाचं पार्किंग, आणि सगळ्यात शेवटी भाजी मंडईच्या बाहेरचा फुटपाथ.

यात एक नियम मोडू नका. अंतर, वेळ आणि आजूबाजूची गडबड या तिन्हींपैकी एकच गोष्ट एका वेळी वाढवायची. गडबड वाढली की अंतर कमी करायचं. घरात दोन मिनिटं स्टे करणाऱ्या कुत्र्याला बागेत पहिल्यांदा नेलं तर पाच सेकंदांवर खूश व्हा, त्याच्या अगदी जवळ उभं राहून.

लांबून ‘डाउन’ कसं शिकवायचं?

हा प्रश्न विचारलात तर मला मनापासून आनंद होतो, कारण जीव वाचवणारी एकच कमांड निवडायची झाली तर मी ही निवडेन. कुत्रा रस्त्याच्या पलीकडे आहे, मधून टेम्पो येतोय, अशा वेळी ‘कम’ म्हणणं घातक ठरतं. तो जिथे आहे तिथेच खाली बसायला हवा.

अडचण ही की बहुतेक कुत्र्यांना ‘डाउन’ म्हणजे ‘मालकाच्या पायाशी झोपणं’ असं वाटतं. लांबून सांगितलं की ती आधी पळत तुमच्याकडे येतात आणि मग झोपतात. ती सवय मोडायला कुत्र्यासमोर जमिनीवर एक आडवी फळी ठेवा. तुम्ही फळीच्या अलीकडे, तो पलीकडे. एक पाऊल मागे या, हात उंच करा, ‘डाउन’ म्हणा. तो झोपला की खाऊ त्याच्या पुढच्या दोन पंजांच्या मध्ये किंवा थोडा मागे टाका. तुमच्या हातातून देऊ नका. बक्षीस त्याच्या जागेवर मिळतं हे कळलं की पुढे सरकणं आपोआप थांबतं. मग दोन पावलं, पाच, दहा. फळी काढून टाका. त्यानंतर तो चालत असताना सांगा आणि शेवटी तो तुमच्याकडे धावत येत असताना.

या शेवटच्या टप्प्यावर हात राखून काम करा. धावत येताना सारखं थांबवलं, तर कुत्रा बोलावल्यावर अडखळत, अंदाज घेत यायला लागतो आणि चांगला रिकॉल, म्हणजे हाकेला येणं, बिघडतो. एकदा मध्ये थांबवलं, तर त्यानंतर आठ-दहा वेळा नुसतं बोलवा आणि आल्यावर भरपूर कौतुक करा.

मी दिसेनासा झालो की ‘स्टे’ मोडतो. काय करावं?

आधी दाराच्या चौकटीत उभे राहा. मग अर्धं शरीर बाहेर, मग एक सेकंद पूर्ण बाहेर आणि लगेच आत. एक सेकंद म्हणजे खरोखर एकच सेकंद. नजरेआड जाणं ही कुत्र्यासाठी नवी अडचण आहे, तिथे घाई केली की तो उठून शोधायला येतो आणि नेमकं तेच शिकतो.

स्टेवरून कुत्र्याला हाक मारून बोलावू नका, निदान पहिले काही महिने तरी. परत त्याच्यापाशी जा, तिथेच खाऊ द्या, मग ‘ओके’ म्हणून सोडा. लिफ्टच्या दाराचा आवाज, शेजाऱ्यांची बेल, कुरिअरवाला हे सगळं सरावात आलंच पाहिजे, कारण स्टे मोडतो तो बहुतेक वेळा अशाच आवाजांना.

खाऊ आयुष्यभर द्यावा लागतो का?

खाऊ दाखवून काम करून घेणं लवकर बंद व्हायला हवं. काम झाल्यावर खाऊ देणं पूर्ण बंद करायची गरज नाही. फरक साधा आहे. डबा कपाटावर ठेवा, हात रिकामे ठेवा, कमांड द्या, काम नीट झालं की ‘येस’ म्हणा आणि दोघं मिळून डब्याकडे पळत जा. कुत्र्याला कळतं की खाऊ दिसत नसला तरी मिळू शकतो. मग कधी दुसऱ्यांदा, कधी पाचव्यांदा, कधी लागोपाठ दोनदा द्या. नेम नसला की कुत्रा जास्त चिकाटीनं काम करतो, हे प्राण्यांच्या शिकण्यावरच्या प्रयोगांत फार पूर्वीच दिसून आलं आहे.

रिकॉलसाठी मात्र कंजुषी करू नका. उकडलेलं चिकन, पनीर, मीठ न लावलेला सुका बोंबील यातलं जे त्याला सगळ्यात प्रिय असेल ते फक्त रिकॉलसाठी राखून ठेवा. द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि कांदा कधीच नको. ही कुत्र्यांसाठी विषारी आहेत.

आजी ‘बस’ म्हणते, मुलगा ‘सिट’ म्हणतो. चालेल का?

कुत्रा दोन्ही शिकेल, पण उशिरा. घरात बसून एक यादी करा आणि फ्रिजवर लावा. मराठी कमांड्स ठेवायच्या असतील तर आवाजाकडे लक्ष द्या. ‘बस’ आणि ‘बास’ कुत्र्याच्या कानाला फार जवळचे वाटतात, आणि ‘बास’ आपण दिवसभर एकमेकांना म्हणत असतो. ‘ये’चंही तेच, कारण घरात प्रत्येकाला ‘ए’ करूनच हाक मारली जाते. बोलावण्यासाठी ‘इकडे’ किंवा शिट्टी जास्त चांगली. शिट्टीचा आणखी एक फायदा म्हणजे तिच्यात राग ऐकू येत नाही.

आमचा कुत्रा देशी आहे. त्याला हे जमेल?

जमेल. गल्लीतून आणलेली कुत्री जागरूक असतात, आजूबाजूचं चटकन टिपतात. जागा आणि आवाज यांची सवय करायला त्यांना थोडा जास्त वेळ द्यावा लागतो, एवढंच. कारवान आणि मुधोळ हाउंड ही शिकारी जात आहे, डोळ्यांनी सावज हेरून धावणारी. त्यांच्यात रिकॉल कठीण असतो, कारण पळणारी वस्तू दिसली की त्यांना दुसरं काही दिसत नाही. त्यांना पाठलागाचाच खेळ बक्षीस म्हणून द्या: काठीला दोरी, दोरीला चिंधी, आणि तुमच्याकडे वळलं की चिंधी पळू लागते. या जातीला शिकवता येत नाही असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. मुधोळची पिल्लं २०१६ मध्ये लष्करानं मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी नेली होती.

इतकं शिकल्यावर रस्त्यावर पट्टा सोडायला हरकत नाही ना?

हरकत आहे. रस्त्यावर पट्टा कायम. कितीही शिकलेला कुत्रा असला तरी समोरून गल्लीतल्या तीन-चार कुत्र्यांची टोळी अंगावर आली, तर तुमच्या हातात काहीतरी असायला हवं. शिवाय समोरच्या माणसाला कुत्र्याची भीती वाटत असेल, तर त्याला तुमच्या कुत्र्याचं प्रमाणपत्र दिसत नसतं, अंगावर येणारा कुत्रा दिसतो. पट्ट्याविना सराव कुंपण असलेल्या जागेत करा. मोकळ्या मैदानात दहा-पंधरा मीटरची लांब दोरी हार्नेसला बांधा, गळ्याच्या पट्ट्याला नको.

भटक्या कुत्र्यांसाठी वेगळा धडा ठेवा: ‘चल’ म्हटलं की तुमच्यासोबत जागच्या जागी उलटं वळायचं. तो आधी घरात, मग शांत रस्त्यावर घोटून घ्या. टोळी लांबवर दिसली की लगेच वापरा. भुंकाभुंकी सुरू झाल्यावर उशीर झालेला असतो.

ट्रेनर म्हणतो प्राँग कॉलर (आतून टोचणारा पट्टा) आणि शॉक कॉलरशिवाय (विजेचा झटका देणारा पट्टा) अ‍ॅडव्हान्स होतच नाही.

मग ट्रेनर बदला. वेल्समध्ये शॉक कॉलर वापरण्यावर २०१० पासून बंदी आहे. अमेरिकन व्हेटरिनरी सोसायटी ऑफ अ‍ॅनिमल बिहेव्हियर या पशुवैद्यकांच्या संघटनेनं २०२१ च्या निवेदनात बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीच वापराव्यात असं स्पष्ट म्हटलं आहे. आपल्याकडेही १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा जनावराला मारहाण करणं आणि विनाकारण वेदना देणं गुन्हा मानतो. वेदनेनं कुत्रा थांबतो हे खरं, पण पुष्कळदा गुरगुरणंही थांबतं. आणि गुरगुरणं हा चावण्याआधीचा इशारा असतो. इशारा न देता चावणारा कुत्रा घरात कुणाला हवा आहे?

‘तुम्ही अल्फा, म्हणजे कळपाचे म्होरके व्हा’ हेही त्याच पोतडीतून येतं. ही कल्पना बंदिस्त लांडग्यांच्या १९४७ सालच्या निरीक्षणांवरून पसरली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं की जंगलातला कळप म्हणजे साधारणपणे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, म्हणजे एक कुटुंब. कुत्र्याला उताणं पाडून धरल्यानं तो फक्त तुमच्या हातांना घाबरतो.

पोलीस कुत्र्यासारखं, चोरावर सोडता येईल असं ट्रेनिंग हवंय.

घरच्या कुत्र्याला ते देऊ नका. लष्कराच्या मेरठ केंद्रात किंवा सीमा सुरक्षा दलाच्या ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूर केंद्रात कुत्री निवडूनच घेतात, प्रत्येकाला ठरलेला हँडलर असतो आणि सराव नोकरी संपेपर्यंत चालू राहतो. महिनाभरात ‘बाइट ट्रेनिंग’ देऊन घरी सोडलेला रॉटवायलर दूधवाल्यावर धावला, तर जबाबदार तुम्ही. अनोळखी माणूस दारात आला की भुंकणं आणि ‘शांत’ म्हटल्यावर गप्प होऊन जागेवर जाणं, एवढी राखण फ्लॅटला आणि बंगल्यालाही पुरते.

पावसाळ्यात बाहेर जाताच येत नाही. घरात काय करता येईल?

वासाचं काम. युटिलिटीतला वासावरून मालकाची वस्तू ओळखायचा प्रकार घरच्या घरी सुरू करता येतो. एकसारखे लाकडी चमचे घ्या, सात-आठ. ते चिमट्यानंच हाताळा, म्हणजे तुमचा वास लागणार नाही. एकच चमचा तळहातात अर्धा मिनिट चोळा. सुरुवातीला हा एक आणि बिनवासाचा एक, असे दोनच ठेवा. कुत्रा तुमच्या चमच्यावर नाक नेऊन क्षणभर थांबला की लगेच ‘येस’ आणि खाऊ. चुकीच्याला हुंगलं तर रागावू नका, हुंगल्याशिवाय त्याला कळणार कसं? आठवडाभरात ढीग वाढवा. लाकूड पक्कं झालं की स्टीलचे चमचे. धातू दातात धरायला बऱ्याच कुत्र्यांना आवडत नाही, तिथे दांड्याला कापड गुंडाळा.

दहा मिनिटांच्या या खेळानं कुत्रा तासभर फिरून आल्यासारखा शांत झोपतो. ज्यांचं वय झालंय किंवा पाय दुखतात अशा कुत्र्यांसाठी तर याहून चांगलं काही नाही.

किती वेळ लागतो, कोणत्या वयात सुरू करावं?

बेसिक पक्कं असेल तर रोज दोन-तीन वेळा दहा-दहा मिनिटं देऊन साधारण सहा महिने ते वर्ष. स्पर्धेची पातळी हवी असेल तर त्याहून बरंच जास्त. एकाच वेळी तासभर दामटू नका, शेवटची चाळीस मिनिटं वाया जातात. कमांड्स कोणत्याही वयात शिकवता येतात. उड्या मात्र हाडं पूर्ण वाढल्याशिवाय नकोत. लॅब्रेडॉर, शेफर्ड, डेन अशा मोठ्या जातींत त्यासाठी दीड वर्षापर्यंत थांबा आणि आधी डॉक्टरांकडून कंबरेचे सांधे तपासून घ्या.

उन्हाळ्यात सराव सकाळी सातच्या आत. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवता येत नसेल, तर कुत्र्याचे पंजेही तिथे नकोत. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उन्हात धावायला लावूच नका.

ट्रेनरकडे महिनाभर ठेवलं तर तयार होऊन येईल का?

ट्रेनरचं ऐकणारा कुत्रा तयार होऊन येईल. तुमचं ऐकायला तुम्हालाच शिकावं लागतं. चांगला ट्रेनर कुत्र्यापेक्षा मालकाला जास्त वेळ शिकवतो, प्रत्येक सेशन तुमच्यासमोर घेतो आणि चुकल्यावर काय करतो ते विचारलं की सरळ उत्तर देतो. त्याच्या स्वतःच्या कुत्र्याला काम करताना बघा. शेपूट हलतेय, कान मोकळे आहेत, तो मालकाकडे आपणहून बघतोय, तर बोलणी पुढे न्या. शेपूट पोटाखाली आणि जीभ सारखी ओठांवर फिरत असेल, तर कमांड कितीही अचूक असली तरी तिथून निघा.

सगळं येत होतं, अचानक ऐकेनासा झालाय.

वय सहा महिने ते दीड वर्ष असेल तर वयात येण्याचा काळ आहे. दोन पायऱ्या मागे जा, लांब दोरी पुन्हा लावा, धीर धरा. वय जास्त असेल तर पहिली भेट डॉक्टरांची. बसायला टाळाटाळ म्हणजे कंबर दुखत असू शकते, हाकेला प्रतिसाद नाही म्हणजे कानात संसर्ग असू शकतो, आणि आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा टिक फिव्हर इतका जास्त आहे की मरगळलेल्या कुत्र्याची रक्ततपासणी केल्याशिवाय त्याला आळशी ठरवू नये.

दिवाळीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत एकही कमांड चालत नाही. ट्रेनिंग कमी पडलं का?

नाही. तो थरथरत असेल, लाळ गाळत असेल, पलंगाखाली शिरत असेल, तर तो घाबरलाय. घाबरलेल्या कुत्र्याकडून स्टे मागू नका. आतली खोली बंद करा, पंखा किंवा टीव्हीचा आवाज वाढवा, त्याला हवं तिथे लपू द्या, जवळ आला तर जवळ घ्या. जवळ घेतल्यानं भीती वाढत नाही. पट्टा, नाव-फोनचा बिल्ला आणि दाराची कडी त्या दिवसांत दोनदा तपासा. कुत्री हरवण्याचं प्रमाण तेव्हा जास्त असतं. भीती फारच असेल तर डॉक्टर औषध देऊ शकतात, त्यासाठी सणाच्या दोन-तीन आठवडे आधी भेट घ्या. आवाजाची सवय करायचं काम मे-जूनमध्ये सुरू करा. ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग जेमतेम ऐकू येईल इतक्या आवाजात लावा, सोबत चिकन द्या, आणि तो खाणं थांबवणार नाही एवढाच आवाज दर आठवड्याला वाढवा.